पंधरा टूल्स राहू दे, आधी ऑफिसातला शुक्रवार बघ

ताई, नमस्कार. मी नागपुरात खामल्यात राहतो, वय 25. इलेक्ट्रॉनिक्समध्ये बी.एस्सी. झालो आणि दोन वर्षांपासून आयटी पार्कातल्या एका छोट्या कंपनीत ॲप्लिकेशन सपोर्टला आहे. आमचं बिलिंगचं सॉफ्टवेअर आहे, विदर्भातले बरेच होलसेलवाले वापरतात. मला डेव्हऑप्समध्ये जायचं आहे. धरमपेठेतला एक क्लास चार महिन्यांत पंधरा टूल्स शिकवतो म्हणतो, फी 60 हजार. मी घरी डॉकर पाहिलं, कुबर्नेटिस पाहिलं, जेनकिन्स टाकून पाहिलं, टेराफॉर्म अर्ध्यात सोडलं. सगळं करून राहिलो, पण डोक्यात काही राहूनच नाही राहिलं. ऑफिसात तर यातलं काहीच नाही. दर तीन आठवड्यांनी रिलीज असते, म्हणजे सॉफ्टवेअरमधले नवे बदल सर्व्हरवर चढतात, तेव्हा एक सिनियर दादा वहीत पाहून तीन सर्व्हरवर फाइली कॉपी करतात. शुक्रवारी कोणी सर्व्हरला हात लावत नाही. अशा ठिकाणी राहून मी काय शिकणार? कोणतं टूल आधी घेऊ? फी भरू का? की सरळ पुण्याला निघून जाऊ? बाबांचं महालात किराण्याचं दुकान आहे. ते फी द्यायला तयार आहेत, पण म्हणतात, तू नक्की काय काम करणार ते आधी सांग. मला सांगताच नाही आलं.

(पत्र थोडं कापलं आहे. नाव त्याच्याच सांगण्यावरून दिलेलं नाही.)

तुझ्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ तू तक्रार म्हणून लिहिली आहेस. शुक्रवारी कोणी सर्व्हरला हात लावत नाही. काहून नाही लावत, हे कधी कोणाला विचारलंस? बहुतेक उत्तर असं येईल की काही बिघडलं तर शनिवार-रविवार त्यातच जातो. आणि बिघडणार, याची सगळ्यांना मनातून खात्री असते. तुमच्या कंपनीला स्वतःच्याच कामाची भीती वाटते. डेव्हऑप्स म्हणजे सॉफ्टवेअर बनवणारे आणि सर्व्हर सांभाळणारे यांनी मिळून काम करणं. हा सगळा खटाटोप ही भीती कमी करण्यासाठी सुरू झाला. टूल्स मागून आली.

जून 2009 ची गोष्ट. फ्लिकर या फोटोंच्या साइटवर काम करणारे जॉन ऑलस्पॉ आणि पॉल हॅमंड कॅलिफोर्नियातल्या एका परिषदेत उभे राहिले आणि म्हणाले, आम्ही दिवसातून दहापेक्षा जास्त वेळा रिलीज करतो. त्याच वर्षी ऑक्टोबरात पॅट्रिक डेबॉय यांनी बेल्जियममधल्या गेंट शहरात 'डेव्हऑप्सडेज' भरवलं आणि हे नाव रूढ झालं. आता तारखा बघ. ॲन्सिबल आलं 2012 मध्ये, डॉकर 2013 मध्ये, कुबर्नेटिस आणि टेराफॉर्म 2014 मध्ये. तुझ्या क्लासच्या यादीतली ही मोठी नावं जन्मायच्या आधी ती माणसं दिवसाला दहा रिलीज करत होती. कशाच्या जोरावर, तेही त्यांनी त्याच भाषणात सांगितलं: सगळ्यांचं एकच व्हर्जन कंट्रोल (कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद), एका टप्प्यात होणारं बिल्ड (कोडपासून चालणारं सॉफ्टवेअर बनवणं) आणि डिप्लॉय (ते सर्व्हरवर चढवणं), अर्धवट फीचर बंद ठेवायची सोय, डेव्हलपर आणि सर्व्हरवाले दोघांनाही दिसणारे तेच आकडे, आणि काही फुटलं तर एकमेकांकडे बोट न दाखवणं.

तुझ्या डोक्यात डॉकर राहिलं नाही यात डोक्याचा दोष नाही. जी अडचण कधी आलीच नाही तिचा उपाय कोणाच्याच लक्षात राहत नाही. म्हणून कोणतं टूल आधी, हा प्रश्न सध्या बाजूला ठेव. तुमच्याकडे दुखतं कुठे ते आधी शोध आणि टूलला त्या दुखण्याच्या मागून येऊ दे.

मात्र 'आधी तत्त्वं, मग टूल्स' याचाही लोक भलताच अर्थ काढतात. संस्कृती, ऑटोमेशन, लीन, मोजमाप, शेअरिंग अशी पाच कलमं त्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून 'काम्स' (CALMS) म्हणून घोकून मुलाखतीला आलेले पोट्टे मी भरपूर पाहिले आहेत. मोजमाप म्हणालास, तर तुमच्या टीममध्ये काय मोजत होता, असं विचारलं की एकदम शांत. घोकलेलं तत्त्व घोकलेल्या कमांडपेक्षाही लवकर उडतं. तत्त्व कळतं ते हातानं. टूल जे आपोआप करतं ते एकदा स्वतः, वैतागून, हातानं करून बघायचं. मग तेच टूल एका दुपारात समजतं.

त्यासाठी तुझ्या ऑफिसइतकी चांगली जागा नाही. सगळं जिथे आधीच सुरळीत लावलेलं असतं तिथे नव्या मुलाला बटण दाबायला मिळतं. बटणाच्या मागे काय आहे ते दिसत नाही.

सुरुवात एका तिकिटापासून, म्हणजे गिऱ्हाइकाच्या मागणीच्या नोंदीपासून, कर. समज, एका होलसेलवाल्याला बिलावर गाडी नंबर छापून हवा आहे. फोन तुलाच आला, तिकीट तूच लावलंस. आता त्याचा पाठलाग कर. डेव्हलपरनं ते कधी उघडलं, टेस्टिंगला कधी गेलं, मॅनेजरचा होकार कधी आला, रिलीज कधी झाली आणि त्या व्यापाऱ्याच्या बिलावर गाडी नंबर प्रत्यक्षात कधी उमटला. प्रत्येक टप्प्यापुढे दोन आकडे लिही: काम किती वेळ चाललं आणि काम नुसतं पडून किती वेळ राहिलं. तीन आठवड्यांनी रिलीज असेल तर तयार झालेला बदल सरासरी दहा-अकरा दिवस फक्त रिलीजची वाट बघतो, मग काम दोन तासांचं का असेना. हा कागद तयार झाला की एक गोष्ट लख्ख दिसेल. सिनियर दादांची फाइल-कॉपी जेनकिन्सवर, म्हणजे ठरलेली कामं आपोआप करणाऱ्या टूलवर, टाकली तर अर्धा-पाऊण तास वाचेल, दहा दिवस तसेच राहतील.

एलियाहू गोल्डरॅट नावाच्या इस्रायली भौतिकशास्त्रज्ञानं कारखान्यांसाठी हेच मांडून ठेवलं होतं: काम जिथे अडतं ती जागा सोडून इतरत्र केलेली सुधारणा वाया जाते. कळमन्याच्या मार्केटात संत्र्याच्या सीझनमध्ये गाड्या वजनाच्या काट्यावर अडल्या असतील, तर आत हमाल वाढवून रांग हलत नाही. तुमच्याकडे काटा कुठे आहे? कदाचित टेस्टिंग करणारी एकच मुलगी असेल आणि तिच्याकडे चार जणांचं काम साचत असेल. तसं असेल तर तुमच्या कंपनीत डेव्हऑप्सची पहिली पायरी आहे तिच्या रोजच्या त्याच त्या तपासण्यांपैकी दहा-बारा आपोआप चालतील असं करणं. हे कोणत्याही क्लासच्या यादीतून कळणार नाही, कारण यादी सगळ्या कंपन्यांसाठी एकच असते.

या क्षेत्रात वर्षानुवर्षं वापरात असलेले चार आकडे आहेत, 'डोरा' या संशोधन गटाचे म्हणून ओळखले जातात: रिलीज किती वेळा होते, बदल गिऱ्हाइकापर्यंत पोचायला किती वेळ लागतो, शंभरातले किती बदल काहीतरी बिघडवतात आणि बिघडलेलं परत उभं करायला किती वेळ लागतो. हे चारही तू आजच्या आज तुमच्या तिकिटांवरून काढू शकतोस. कोणाची परवानगी नको, कोणतं लायसन्स नको. एक्सेलमध्ये मांड. सहा महिन्यांचे आकडे काढलेला सपोर्टवाला मुलगा मुलाखतीत वेगळा उठून दिसतो, हे मी टेबलाच्या त्या बाजूला बसून सांगते आहे.

आता त्या तीन सर्व्हरकडे येऊ. वहीत पाहून हातानं तीन ठिकाणी कॉपी, हे वाचून मला 1 ऑगस्ट 2012 आठवला. अमेरिकेत नाइट कॅपिटल नावाची शेअर दलालीतली मोठी कंपनी होती. त्यांचा नवा कोड आठ सर्व्हरवर टाकायचा होता. तिथल्या तंत्रज्ञ माणसानं सातांवर टाकला, आठवा राहिला. दुसऱ्या कोणी तपासायची पद्धतच नव्हती. त्या आठव्या सर्व्हरवर कित्येक वर्षं न वापरलेला जुना कोड पडून होता आणि नव्या फीचरसाठी जो फ्लॅग (चालू-बंदचा खटका) वापरला त्यानंच तो जुना कोड जागा झाला. बाजार उघडल्यापासून साधारण 45 मिनिटं तो भलतेच सौदे करत सुटला. घाबरून लोकांनी उलट नीट असलेल्या सात सर्व्हरवरूनच नवा कोड काढला, त्यामुळे तिथलाही जुना कोड चालू झाला. नुकसान 46 कोटी डॉलरहून अधिक, असं अमेरिकेच्या बाजार नियामकानं, म्हणजे एसईसीनं, आपल्या आदेशात नोंदवलं आहे. त्याच आदेशात आणखी एक गोष्ट आहे, ती मला जास्त लागते. बाजार उघडायच्या आधीच सिस्टिमनं त्या जुन्या कोडचं नाव घेत आतल्या लोकांना 97 ईमेल पाठवले होते. धोक्याची सूचना म्हणून ते कोणी वाचलेच नाहीत.

यातून तत्त्वं किती निघतात बघ. सगळ्या सर्व्हरवर तेच आहे का, हे माणसाच्या नजरेवर सोडायचं नाही. मेलेला कोड ठेवायचा नाही. मागे कसं फिरायचं ते पुढे जायच्या आधी करून बघायचं. आणि इशारा असा हवा की ज्याच्याकडे जातो त्याला तो इशारा वाटेल. जेनकिन्स यातल्या पहिल्या गोष्टीला मदत करतं. उरलेल्यांसाठी कोणतंही टूल विकत मिळत नाही.

तुमची तीन आठवड्यांची रिलीजही याच प्रकारातली. तीस-चाळीस बदल एका रात्री सोडले आणि काही फुटलं, तर कोणत्या बदलानं फुटलं ते शोधण्यात रात्र जाते. मग भीती वाढते. भीतीपोटी मॅनेजर म्हणतो, महिन्यानी करू. म्हणजे गठ्ठा आणखी मोठा. फ्लिकरवाल्यांनी हे चक्र उलटं फिरवलं: गठ्ठा इतका लहान करायचा की फुटलं तरी कशानं ते लगेच कळावं.

आता सिनियर दादांची ती वही. तू तिच्याबद्दल जरा नाक मुरडून लिहिलं आहेस. तुमच्या कंपनीतला सगळ्यात मोलाचा दस्तऐवज तोच आहे. पुढच्या रिलीजच्या रात्री दादांच्या शेजारी बस. वहीत लिहिलेलं आणि ते प्रत्यक्षात करतात ते, दोन्ही टिपून घे. फरक निघेलच. "इथे दोन मिनिटं थांबायचं", "ही सर्व्हिस आधी बंद नाही केली तर ती फाइल लॉक राहते", असं वहीत नसलेलं बरंच काही त्यांच्या बोटांत आहे. दादा आजारी पडले तर रिलीज होत नाही, हा धोका ते लिहून काढल्यावरच इतरांना दिसतो.

इथे एक नाजूक गोष्ट आहे. दादांना वाटू शकतं की हा पोरगा आपलं काम खायला आला. त्यांच्या पाठीमागे स्क्रिप्ट लिहून मॅनेजरला दाखवायला जाशील तर तुझं डेव्हऑप्स तिथेच संपेल. त्यांना सांग, दादा, तुम्हाला रात्री अकराला यावं लागू नये म्हणून करतो आहे. स्क्रिप्टवर पहिलं नाव त्यांचं टाक. ज्यांना ही युक्ती वाटते त्यांनी अजून टीममध्ये काम केलेलं नाही.

मग ती वही गिटमध्ये, म्हणजे व्हर्जन कंट्रोलच्या टूलमध्ये, टाक, साध्या मजकुराच्या रूपात. पुढच्या रिलीजला एकेक पायरी शेल स्क्रिप्टमध्ये, म्हणजे ओळीनं चालणाऱ्या कमांडच्या फाइलीत, आण, आधी टेस्टच्या सर्व्हरवर. आणि ती स्क्रिप्ट मुद्दाम दोनदा चालव. इथे मजा येते. होस्ट्स फाइलमध्ये (सर्व्हरांची नावं-पत्ते असलेली फाइल) एक ओळ घालणारी तुझी पायरी दुसऱ्यांदा तीच ओळ पुन्हा घालेल. फोल्डर बनवणारी पायरी म्हणेल, फोल्डर आधीच आहे, आणि चूक आली की थांबायचं असं स्क्रिप्टला सांगितलेलं असेल तर ती मध्येच थांबेल. अर्ध्यात थांबलेली स्क्रिप्ट पुन्हा पहिल्यापासून चालवता येत नाही हे त्या रात्री कळेल. मग तू प्रत्येक पायरीआधी 'हे आधीच झालं आहे का' असं तपासायला लागशील. दहाव्या तपासणीला वैतागशील. त्या वैतागात ॲन्सिबल, हे सर्व्हर हव्या त्या अवस्थेत आणणारं टूल, उघड. 'ही ओळ फाइलमध्ये असली पाहिजे' एवढंच त्याला सांगायचं असतं. कितीदाही चालवा, शेवटची अवस्था तीच. कशासाठी बनवलं आहे हे त्या दिवशी कोणी समजावून सांगावं लागणार नाही.

बॅकअपचंही असंच. तुमच्याकडे बॅकअप आहे का विचारलंस तर सगळे हो म्हणतील. तो शेवटचा परत उभा करून कधी पाहिला, ते विचार. 31 जानेवारी 2017 ला गिटलॅब या लोकांचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीत रात्री उशिरा एका इंजिनियरनं दुय्यम डेटाबेस सर्व्हरवरचा डेटा पुसायला घेतला. तो होता मुख्य सर्व्हर. लक्षात येऊन थांबेपर्यंत सुमारे 300 जीबीपैकी साडेचार जीबी उरलं होतं. मग बॅकअप शोधायला गेले. रोजचा बॅकअप चुकीच्या व्हर्जनच्या प्रोग्रॅममुळे कित्येक दिवस फसत होता, आणि फसल्याची सूचना देणारे ईमेल समोरचा मेल सर्व्हर नाकारत होता. बॅकअपचे पाच प्रकार होते, एकही भरवशाचा निघाला नाही. एका इंजिनियरनं दुसऱ्याच कामासाठी सहा तास आधी काढलेली प्रत होती म्हणून वाचले. टूल्सची कमी त्या कंपनीत असणं शक्यच नव्हतं, त्यांचा धंदाच तो. परत उभं करून बघायची सवय तेवढी नव्हती. एक मात्र त्यांनी फार चांगलं केलं. दुरुस्तीचं काम सगळ्या जगाला थेट दाखवलं आणि काय चुकलं ते सविस्तर लिहिलं. कमांड चालवणाऱ्या माणसाला बळीचा बकरा केला नाही. त्या लिखाणामुळेच आज मी तुला हे सांगू शकते.

घरी सरावासाठी क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून भाड्यानं मिळणाऱ्या सर्व्हरवर, लगेच जाऊ नको. जाशील तेव्हा पहिल्या दिवशी बिलाचा अलार्म लाव, चालू राहिलेली मशीन रात्रीचंही भाडं घेते. सध्या एखादा जुना लॅपटॉप घे, त्यावर लिनक्स टाक आणि बाबांच्या दुकानासाठी भावांचं एक साधं पान बनव. साखर, तूरडाळ, तेल, पोहे, आजचा भाव. किराण्याचे भाव सारखे हलतात, त्यामुळे दर एक-दोन दिवसांनी डिप्लॉय करावंच लागेल. हेच तर हवं आहे. आठवड्याभरात तुला कळेल की तेलाचा भाव बदलायला कोड बदलणं हा मूर्खपणा आहे, भाव वेगळ्या फाइलीत किंवा डेटाबेसमध्ये हवा. कोड आणि सेटिंग वेगळं ठेवणं हे मोठं तत्त्व आहे, आणि ते तुला तेलाच्या डब्यानं शिकवलेलं असेल. बाबा फोन करून म्हणतील, "अरे, साखर कालच्याच भावात दिसते." ते तुझं पहिलं मॉनिटरिंग. त्यांच्या फोनच्या आधी तुला कसं कळेल, यावर विचार करायला लाग म्हणजे प्रोमिथियस हे सर्व्हरवर नजर ठेवणारं टूल कशाला असतं ते आपोआप समजेल.

आणि उन्हाळ्यात लाइन जाईल. लॅपटॉपची बॅटरी काढून ठेव, खरंच काढून ठेव. लाइन आल्यावर पान आपोआप परत उभं राहतं का? नाही राहिलं तर का नाही? याचं उत्तर शोधताना सिस्टिम-डी, म्हणजे लिनक्समध्ये सर्व्हिस सुरू करणारी आणि सांभाळणारी यंत्रणा, शिकशील. मग एक छोटी स्क्रिप्ट लिही: दर दहा सेकंदांनी बघ, पान चालू आहे का, नसेल तर चालू कर. दोन प्रती हव्या असतील तर मोज, कमी असतील तर वाढव. कुबर्नेटिसच्या पोटात मुख्यतः हीच गोष्ट सतत चाललेली असते. काय हवं ते लिहून ठेवलेलं, काय आहे ते तपासायचं, फरक असेल तर मिटवायचा. ही दहा ओळींची स्क्रिप्ट लिहिलेला माणूस कुबर्नेटिसच्या फाइली वाचतो तेव्हा त्याला ओळखीचं काहीतरी दिसतं. न लिहिलेल्याला नुसती इंडेंटेशन दिसते.

डॉकरसाठीही तेच. डॉकर कंटेनर चालवतं, आणि कंटेनर म्हणजे लिनक्स कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) दोन सोयी: नेमस्पेस, म्हणजे प्रोसेसला बाकीचं जग दिसूच न देणं, आणि सी-ग्रुप, म्हणजे तिनं मेमरी आणि प्रोसेसर किती खायचा याची मर्यादा. सी-ग्रुप कर्नलमध्ये 2008 पासून आहेत. 'अनशेअर' कमांडनं एकदा हातानं वेगळी नेमस्पेस करून बघ. 2022 मध्ये कुबर्नेटिसनं 1.24 या व्हर्जनपासून डॉकरशी असलेला थेट जोड काढून टाकला, तेव्हा बरेच जण हादरले होते. ज्यांना कंटेनर आतून माहीत होता त्यांना कळलं की इमेज (ज्या साच्यातून कंटेनर उभा राहतो) तशाच चालणार आहेत. ऑगस्ट 2023 मध्ये टेराफॉर्मचं लायसन्स बदललं आणि त्यातून ओपनटोफू नावाचं वेगळं टूल फुटलं. जेनकिन्सचं स्वतःचं नाव 2011 पर्यंत हडसन होतं. तू तिशीत जाशील तोवर या यादीतली आणखी नावं पुसली गेलेली असतील.

सपोर्टला कमी समजू नको. डिस्क शंभर टक्के भरली, मोठी लॉग फाइल डिलीट केली, तरी जागा मोकळी झाली नाही, असं तुझ्या शिफ्टला कधीतरी झालं असेलच. रीस्टार्ट केलं आणि जागा झाली, मग तिकीट बंद केलं असशील. पुढच्या वेळी बंद करू नको. ती फाइल एखाद्या प्रोसेसनं अजून उघडी धरून ठेवलेली असते. फाइलचं नाव गेलं तरी डेटा जात नाही. हा प्रश्न मुलाखतीत मी हमखास विचारते आणि पाच-सहा टूल्स रेझ्युमेवर असलेले त्यात अडकतात. लिनक्स, डीएनएस, एचटीटीपी, सर्टिफिकेटची मुदत, हे तुझ्या रोजच्या तिकिटांत येतं. त्याचा तळ गाठत जा. तुमच्या कंपनीनं गिऱ्हाइकाला 99.9 टक्के चालू राहील असं कबूल केलं असेल, तर 30 दिवसांच्या महिन्यात फक्त 43 मिनिटं बंद राहायची मुभा आहे. मागच्या महिन्यात तुम्ही त्यातली किती वापरली? हे तुला ठाऊक असेल आणि डेव्हलपरांना नसेल, तर त्यांच्या नजरेस पडेल असं लावून ठेव.

बाबांना काय सांगायचं ते आता तुला अवघड जाऊ नये. सॉफ्टवेअरमध्ये केलेला बदल लवकर आणि काही न मोडता गिऱ्हाइकापर्यंत पोचवायचा, आणि मोडलंच तर पटकन परत उभं करायचं, हे माझं काम. त्यांना एवढं पुरेल. दुकानाचं पान चालू झालं की तेही लागणार नाही.

पुण्याला जायचं तर नोकरी हातात घेऊन जा. शिकण्यासाठी म्हणून जाशील तर तिथे भाडं भरून हेच व्हिडिओ पाहशील. नागपुरातही मिहानमध्ये, परसोडीला कामं आहेत. तुझ्यासारख्या अनुभवाच्या मुलाला कमी जागा दिसतात हे खरं, पण त्यासाठी आत्ता शहर बदलायची गरज मला दिसत नाही. सहा महिन्यांनी पुन्हा बघू.

राहिली फी. रेझ्युमे आधी एचआरकडे जातो आणि तिथे टूल्सचीच नावं शोधली जातात, हे मी नाकारणार नाही. म्हणून प्रत्येक प्रकारातलं एकच घे. गिट, सीआयसाठी (बदल आला की आपोआप बिल्ड आणि तपासणी) एक काहीतरी, ॲन्सिबल, डॉकर, एक क्लाउड. कुबर्नेटिस सगळ्यात शेवटी. वर सांगितलेलं करत गेलास तर यातली अर्धी वाटेतच येऊन जातील आणि प्रत्येकासोबत सांगायला एक खरी गोष्ट असेल. 60 हजार आत्ता भरू नको. तुमच्या ऑफिसातल्या दोन रिलीज स्क्रिप्टनं होऊ दे, दुकानाचं पान दोन महिने चालू दे. त्यानंतरही कुठे अडतो आहेस असं वाटलं तर नेमकं तेवढंच शिकवणारं काहीतरी शोध, ते बरंच स्वस्त पडेल. आणि त्या धरमपेठेच्या क्लासला डेमो लेक्चर असेल तर जाऊन ये. तिथे एवढंच विचार: विद्यार्थ्यानं स्वतः सर्व्हर पाडून परत उभा करायचा, असा आठवडा तुमच्या चार महिन्यांत कितवा? आकडा सांगितला तर फीबद्दल पुन्हा बोलू, मला लिही. ब्रोशर पुढे केलं तर चहा पिऊन निघून ये.